विनंती-आवरणांचे विस्तारबिंदू : स्ट्रट्स चौकटीच्या आधारे एक विवेचन

वेब-सर्व्हरकडे येणारी विनंती ही बाह्यतः अगदी साधी वस्तू असते. कोणती क्रिया हवी ते सांगणारा एक शब्द, हव्या असलेल्या साधनाचा पत्ता, काही हेडर-ओळी आणि असल्यास मजकूर, एवढाच तिचा ऐवज. परंतु प्रत्यक्ष काम करणाऱ्या आज्ञावलीपर्यंत पोहोचण्यापूर्वी तिच्यावर अनेक संस्कार व्हावे लागतात. मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे हे ठरवावे लागते. पाठविणारा कोण हे ओळखावे लागते. सोबतच्या फाइली सोडवून वेगळ्या ठेवाव्या लागतात. हे संस्कार प्रत्येक उपयोजनाने नव्याने लिहू नयेत म्हणून चौकट, म्हणजे व्यवहारात जिला फ्रेमवर्क म्हणतात ती, निर्माण झाली. चौकटीच्या कर्त्यांना सर्वांच्या गरजा आधी कळणे शक्य नसते. यास्तव परक्याने आपले काम जोडावे अशा काही जागाही तिच्यात राखून ठेवाव्या लागतात. अशा जागेस प्रस्तुत लेखात विस्तारबिंदू म्हटले आहे.

विस्तारबिंदू जितके अधिक आणि जितके मोकळे तितकी चौकट चांगली, अशी एक सामान्य समजूत आहे. विनंतीला आवरण घालण्याच्या विस्तारबिंदूपुरती तरी ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. जावा भाषेतील स्ट्रट्स ही चौकट या परीक्षणास विशेष सोयीची होय. आलेल्या फाइली सोडविण्याच्या एकाच कामासाठी या नावाखाली निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रचना योजल्या गेल्या, आणि त्यांपैकी शेवटच्या रचनेतील एका उणिवेचा परिणाम २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांना भोगावा लागला.

आवरणाची आवश्यकता

कचेरीत आलेला अर्ज आवक बारनिशीत नोंदला जातो, त्याला क्रमांक पडतो, पुढे त्यावर टिपणे जोडली जातात. मूळ अर्जात मात्र कोणी खाडाखोड करीत नाही. पुढचा अधिकारी टिपणांसह संपूर्ण कागद पाहतो आणि त्यालाच अर्ज मानतो. विनंतीचे आवरण ही याच जातीची युक्ती आहे. मूळ विनंतीची वस्तू जशीच्या तशी आत ठेवावयाची, तिच्याभोवती तिच्याच रूपाची दुसरी वस्तू रचावयाची, आणि पुढील सर्वांच्या हाती ही बाहेरची वस्तू द्यावयाची. जे प्रश्न बदललेले नाहीत ते आवरण आतल्या विनंतीकडे पाठविते. जे बदलले आहेत त्यांची उत्तरे स्वतः देते. गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्हिलिसिडीस या चौघांच्या १९९४ सालच्या ग्रंथात ‘डेकोरेटर’ या नावाने ज्या रचनेचे वर्णन आहे, तिचेच हे एक उपयोजन होय.

जावाच्या सर्व्हलेट-विनिर्देशात या युक्तीची गरज विनंतीच्या स्वरूपातूनच उद्भवते. तेथील विनंती-वस्तूकडून अर्जातील रकाने वाचता येतात, परंतु त्यांत नवे मूल्य लिहिण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. शिवाय विनंतीचा मजकूर हा प्रवाह आहे. एकदा वाचला की तो सरला. पहिल्याने तो वाचून टाकल्यावर दुसऱ्यास काही उरत नाही. अर्थात ज्याला रकान्यांची मूल्ये बदलावयाची आहेत, किंवा मजकूर पुन्हा वाचता यावा अशी व्यवस्था करावयाची आहे, त्याला आवरणावाचून मार्ग नाही. प्रश्न उरतो तो असा की हे आवरण घालण्याचा अधिकार चौकटीने कोणाला, कोठे आणि कोणत्या अटींवर द्यावा?

पहिली रचना : वारसा

स्ट्रट्सचा आरंभ २००० साली क्रेग मॅक्लानाहन यांच्या हातून झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १.१ आवृत्तीत विनंती हाताळण्याचे काम ‘रिक्वेस्ट प्रोसेसर’ नावाच्या एका वर्गाकडे सोपविलेले होते. त्यात एकामागून एक पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीसाठी एक स्वतंत्र पद्धती लिहिलेली होती. त्यांपैकी एक पायरी आवरणाची. विनंती ‘पोस्ट’ प्रकारची आहे काय आणि तिच्या मजकुराचा घोषित प्रकार ‘मल्टिपार्ट’ या शब्दांनी सुरू होतो काय, हे ती पाही; दोन्ही गोष्टी जुळल्या तरच विनंतीला आवरण घाली. ज्याला यात बदल हवा त्याने मूळ वर्गाचा उपवर्ग करावा, तेवढी एक पद्धती नव्याने लिहावी, आणि संरचनेच्या फाइलीत मूळ वर्गाऐवजी आपल्या वर्गाचे नाव घालावे, अशी योजना होती.

ही रचना समजण्यास सोपी आहे आणि एकट्याने वापरणाऱ्यास तिच्यात काहीही उणे भासत नाही. अडचण उभी राहते ती दोघेजण एकाच वेळी विस्तार करू पाहतात तेव्हा. स्ट्रट्सच्या प्रत्येक विभागास एकच प्रोसेसर असू शके. पृष्ठांची मांडणी करणाऱ्या ‘टाइल्स’ या उपांगाने स्वतःचा उपवर्ग केला होता. ‘स्प्रिंग’ या दुसऱ्या चौकटीला स्ट्रट्सशी जोडून घ्यावयाचे होते, तेव्हा तिनेही एक उपवर्ग केला. परंतु ज्यांना टाइल्स आणि स्प्रिंग ही दोन्ही हवी होती त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी स्प्रिंगच्या कर्त्यांना दोन्हींचा संयोग करणारा आणखी एक वर्ग लिहावा लागला. दोन विस्तारांसाठी तीन वर्ग झाले. विस्तार वाढत गेले असते तर संयोगांची संख्या त्याहून कितीतरी वेगाने वाढली असती. जावात वर्गाला एकच जनक असल्यामुळे, वारशावर उभा असलेला विस्तारबिंदू हा वस्तुतः एकाच भाडेकरूसाठी बांधलेले घर ठरतो. स्ट्रट्सच्या १.३ आवृत्तीत पायऱ्यांची ही उतरंड मोडून सुट्या आज्ञांच्या साखळीवर चालणारा प्रोसेसर आणला गेला, त्याचा अर्थ या संदर्भात स्पष्ट होतो.

दुसरी रचना : साखळी

याच सुमारास खुद्द सर्व्हलेट-विनिर्देशाने एक वेगळा मार्ग खुला केला होता. २००१ साली आलेल्या २.३ आवृत्तीत ‘फिल्टर’ ही संकल्पना आणि विनंतीसाठी व प्रतिसादासाठी तयार आवरण-वर्ग समाविष्ट झाले. फिल्टर विनंती स्वीकारतो, हवे असल्यास तिला आवरण घालतो आणि साखळीतील पुढच्या दुव्याच्या हाती देतो. फिल्टरने जी वस्तू पुढे दिली तीच पुढच्याच्या हाती पडली पाहिजे, असे बंधन विनिर्देशाने सर्व्हरवर घातले. त्यामुळे परस्परांची ओळखदेखील नसलेल्या लेखकांची आवरणे एकावर एक बसू लागली. वारशातील संयोगांचा प्रश्न येथे निर्माणच होत नाही.

साखळीने तो प्रश्न सोडविला, परंतु त्याच्या जागी दोन नवे प्रश्न उभे केले. त्यांपैकी पहिला क्रमाचा. मराठी वाचकांस त्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. विनंतीने आपला लिपिसंकेत सांगितला नसेल तर सर्व्हलेट-विनिर्देशानुसार मजकूर मूलतः पश्चिम युरोपीय अशा ‘आयएसओ ८८५९-१’ संकेतात आहे असे धरले जाई. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडची ४ चिन्हे आहेत, आणि ‘यूटीएफ-८’ संकेतात प्रत्येकास ३ याप्रमाणे ती १२ बाइट व्यापतात. चुकीचा संकेत धरला असता या १२ बाइटांची १२ निरर्थक चिन्हे होतात आणि तशीच माहितीसाठ्यात जाऊन बसतात. यावर उपाय म्हणून लिपिसंकेत ठरवून देणारा फिल्टर लावतात. परंतु विनंतीतील रकाने एकदा वाचले गेल्यावर संकेत बदलण्याचा काहीच परिणाम होत नाही. साखळीत त्याच्या आधी बसलेल्या एखाद्या निरुपद्रवी नोंद-फिल्टराने केवळ कुतूहलापोटी एक रकाना वाचला, तरी देवनागरी मजकूर बिघडतो आणि त्याबद्दल कोणताही अपवाद उठत नाही. दोन्ही फिल्टर स्वतंत्रपणे निर्दोष असतात. दोष त्यांच्या अनुक्रमात असतो, आणि हा अनुक्रम त्या दोघांपैकी कोणाच्याही लेखकाच्या हाती नसतो.

दुसरा प्रश्न सुसंगतीचा. तो अधिक सूक्ष्म आहे. विनंतीला एकच गोष्ट अनेक प्रकारे विचारता येते. रकान्याचे मूल्य एकेकटे मागता येते, त्याच्या सर्व मूल्यांची यादी मागता येते, किंवा सर्व रकान्यांचा संपूर्ण नकाशाही मागता येतो. समजा, घातक मजकूर काढून टाकणारे एक आवरण कोणी लिहिले आणि त्यात एकेकटे मूल्य देणारी पद्धती तेवढी बदलली. उरलेले प्रश्न आवरण तसेच आत पाठविते, आणि आतली विनंती आपले जुने, अस्वच्छ उत्तर देते. बाहेर कोणी आवरण घातले आहे याची आतल्या वस्तूला वार्ताही नसते. हेन्री लीबरमन यांनी १९८६ साली वस्तुनिष्ठ भाषांच्या चर्चेत ज्याला ‘स्व’चा प्रश्न म्हणून मांडले त्याचेच हे रूप आहे : केवळ काम पुढे ढकलणारी वस्तू आणि जिच्याकडे ढकलले ती वस्तू यांचे ‘स्व’ भिन्न राहतात. हा दोष केवळ तात्त्विक नव्हे. स्ट्रट्स २ ही चौकट रकाने संपूर्ण नकाशाच्या रूपात घेत असे. त्यामुळे वर वर्णिलेले आवरण तिच्यापुढे लावले असता ते काहीच स्वच्छ करीत नसे, आणि तरीही ते लावणाऱ्याचा आपण सुरक्षित आहोत असा समज होई.

तिसरी रचना : अरुंद दार

स्ट्रट्स २ ही नावाने जुन्या चौकटीची वारस असली तरी रचनेने ‘वेबवर्क’ या निराळ्या चौकटीपासून निघाली, आणि २००७ साली सर्वसामान्य वापरासाठी उपलब्ध झाली. तिने आवरण घालण्याचे काम आपल्याच हाती ठेवले. विनंतीला आधीच स्ट्रट्सचे आवरण असेल तर दुसरे घालावयाचे नाही. मजकुराचा प्रकार मल्टिपार्ट असेल तर फाइली सोडविणारे आवरण घालावयाचे. नाहीतर साधे आवरण घालावयाचे. परक्यासाठी खुला ठेवला तो एवढाच भाग : मल्टिपार्ट मजकूर प्रत्यक्ष सोडविणारा विश्लेषक कोणता वापरावा, हे संरचनेतील एका ओळीने ठरविता येई. त्या विश्लेषकाने कोणते प्रश्न स्वीकारावेत याची यादी निश्चित होती.

ही रचना पहिल्या दोहोंपेक्षा परिपक्व आहे हे मान्य करावयास हरकत नसावी. आवरण केव्हा घालावयाचे, किती वेळा घालावयाचे आणि तात्पुरत्या फाइली केव्हा पुसावयाच्या, हे निर्णय एका मालकाकडे राहिले. बदलण्याजोगे तेवढेच परक्याकडे गेले. स्प्रिंग चौकटीने याच कामासाठी योजलेला करार तर अवघ्या तीन पद्धतींचा आहे : विनंती मल्टिपार्ट आहे काय ते सांगणे, असल्यास तिला आवरण घालून देणे, आणि शेवटी साफसफाई करणे. तिसरी पद्धती करारातच लिहिलेली आहे, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आवरणाने निर्माण केलेल्या गोष्टी नष्ट करण्याची जबाबदारी जेथे लिहून ठेवलेली नसते तेथे ती कोणाचीच राहत नाही, आणि मग सर्व्हरची तबकडी हळूहळू भरत जाते.

२०१७ सालची घटना

इतके असूनही मोठा आघात झाला तो याच तिसऱ्या रचनेवर. मार्च २०१७ मध्ये ‘सीव्हीई-२०१७-५६३८’ या क्रमांकाने नोंदलेला दोष उघडकीस आला. त्याची यंत्रणा पायरीपायरीने पाहिली म्हणजे विस्तारबिंदूच्या रचनेविषयी त्यातून काय निष्पन्न होते ते कळते.

विनंती मल्टिपार्ट आहे की नाही हे ठरविताना स्ट्रट्स २ मध्ये, घोषित प्रकाराच्या हेडरात विशिष्ट शब्द कोठेतरी आढळतात काय, एवढेच पाहिले जाई. जुन्या १.१ आवृत्तीत हेडराचा आरंभ तपासला जात होता. येथे ती कसोटी सैल झाली. त्यामुळे ज्या हेडरात भलताच मजकूर आहे, परंतु मध्ये कोठेतरी ते शब्दही आहेत, अशी विनंती फाइली सोडविणाऱ्या आवरणाकडे जाऊ शके. विश्लेषकाला तो हेडर अर्थातच अमान्य होई आणि तो अपवाद उठवी. अपवादाच्या संदेशात, कोणता हेडर अमान्य झाला हे सांगण्यासाठी, तो हेडर जसाच्या तसा उद्धृत केलेला असे. हा संदेश मग वाचकाच्या भाषेत रूपांतरित करण्यासाठी भाषांतर-यंत्रणेकडे दिला जाई. या यंत्रणेला संदेशातील ‘ओजीएनएल’ भाषेतील सूत्रे सोडवून त्यांची मूल्ये भरण्याची सवय होती. सारांश, हल्लेखोराने हेडरात लिहिलेले सूत्र चौकटीने स्वतःच्या अधिकाराने चालविले, आणि सर्व्हर त्याच्या आज्ञेत गेला.

या साखळीतील प्रत्येक दुव्याचे वर्तन, स्वतंत्रपणे पाहिल्यास, समर्थनीय वाटते. त्रुटीच्या संदेशात कारण सांगावे, संदेश वाचकाच्या भाषेत द्यावा, संदेशात मूल्ये भरता यावीत, यांपैकी गैर असे काय आहे? गैर होते ते एवढेच की विश्लेषक आणि चौकट यांच्या सीमेवर त्रुटी ही सिद्ध वाक्याच्या रूपाने ओलांडली जात होती. त्या वाक्यातील कोणता भाग चौकटीचा आणि कोणता अनोळखी पाहुण्याचा, हे सांगणारी खूण सीमेवरच पुसली गेली. त्यातही २.३ मालिकेत हे सर्व आवरण घालतानाच घडत असे, म्हणजे उपयोजनाच्या ‘इंटरसेप्टर’ पायऱ्यांना अजून आरंभही झालेला नसे. ओळख तपासण्याचे काम ज्यांनी त्या पायऱ्यांवर सोपविले होते त्यांचा पहारा यामुळे निरुपयोगी ठरला. ज्या उपयोजनात फाइल स्वीकारणारे एकही पृष्ठ नव्हते, तेही यातून सुटले नाही. कारण आवरण कोणते घालावयाचे हे पृष्ठावरून ठरत नव्हते, आलेल्या हेडरावरून ठरत होते.

अपाचे प्रतिष्ठानाने मार्चमध्येच २.३.३२ आणि २.५.१०.१ या सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती-संस्थेच्या एका पोर्टलावर ती सुधारणा वेळीच पोहोचली नाही. मे ते जुलै २०१७ या काळात तिच्या साठ्यातून माहिती चोरीस गेली. ७ सप्टेंबर २०१७ रोजी ही गोष्ट जाहीर झाली. बाधितांची संख्या सुमारे १४ कोटी ७० लाख निघाली, आणि २०१९ साली संस्थेस किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड करावी लागली. सुधारणा न बसविणे हा कारभाराचा दोष होता, हे खरे. चोरी इतके दिवस लक्षात न येणे हाही त्याच जातीचा. तथापि आरंभीची वाट आवरणाच्या सीमेवरच खुली झाली होती.

या प्रकरणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्यांना आवृत्ती तत्काळ बदलता येत नव्हती त्यांच्यासाठी अपाचेच्या सूचनेत काही तात्पुरते उपाय सुचविलेले होते. एक, मल्टिपार्टचा विश्लेषक बदलून दुसरा लावावा. दुसरा, संशयास्पद हेडर असलेली विनंती परत लावणारा फिल्टर चौकटीच्या पुढे बसवावा. अर्थात पहिला उपाय तिसऱ्या रचनेच्या विस्तारबिंदूचा आणि दुसरा उपाय साखळीच्या विस्तारबिंदूचा. ज्या जागेतून संकट आले तिच्याच आसपास उपायही सापडला. यास्तव विस्तारबिंदू बंद करून टाकावेत असा निष्कर्ष या घटनेतून काढणे युक्त होणार नाही.

निष्कर्ष

वरील तीन रचनांवरून विनंती-आवरणाच्या विस्तारबिंदूची काही लक्षणे निश्चित करता येतात. पहिले, विस्तार करणारे एकाहून अधिक असतील हे गृहीत धरावयास पाहिजे. वारशाची रचना येथेच तोकडी पडते. दुसरे, अनुक्रम, आवरणाची संख्या आणि आयुष्याचा शेवट या तिन्ही गोष्टींना एक निश्चित मालक असावा. तिसरे, एकाच माहितीविषयीचे सर्व प्रश्न एका गटात बांधून, तो गट संपूर्णच बदलता येईल अशी सोय चौकटीने द्यावी. रकान्यांचा नकाशा हाच एकमेव मूळ आधार ठेवून इतर उत्तरे त्यावरूनच काढली तर अर्धवट बदलाला वावच उरत नाही. चौथे, एखादे आवरण इतर आवरणांच्या आत दडले असले तरी त्याचा शोध घेता यावा. २००९ साली आलेल्या सर्व्हलेट ३.० आवृत्तीत, एखादे आवरण अमुक प्रकारच्या विनंतीवर बसले आहे काय, हे विचारण्याची पद्धती घालण्यात आली ती याच गरजेपोटी. केवळ सर्वांत बाहेरच्या वस्तूचा प्रकार तपासणारी आज्ञावली, कोणी आणखी एक आवरण चढविताच आंधळी होते.

पाचवे लक्षण २०१७ सालच्या अनुभवाने शिकविले. विस्तारबिंदूच्या करारात यशाचा मार्ग जितक्या बारकाईने लिहिलेला असतो तितक्याच बारकाईने अपयशाचाही लिहिलेला असावा. परक्या घटकाकडून येणारी त्रुटी ही संकेतांक आणि मूल्ये अशा सुट्या रूपात यावी. पाहुण्याने पाठविलेला मजकूर हा शेवटपर्यंत केवळ मजकूरच राहावा, त्याचे सूत्र म्हणून वाचन कोठेही होऊ नये.

पदव्युत्तर अभ्यासकांस चौकटीची रचना करण्याचा प्रसंग क्वचित येईल. परंतु आवरण लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी बहुतेकांना येईल. त्या वेळी आपल्या आवरणाने नवे काय करावे याचा विचार करण्याआधी, त्याच्या पलीकडे बसलेली आज्ञावली मूळ विनंतीविषयी कोणकोणत्या गोष्टी गृहीत धरून चालली आहे, त्यांची यादी करावी. त्यांपैकी एकही गोष्ट नकळत मोडली जाणार नाही अशी खात्री झाली, म्हणजे आवरणाचे निम्मे काम झाले असे समजण्यास प्रत्यवाय नाही.